"घराण्यातला आजार" म्हणून क्लेम नाकारला तर: बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या लोकांनी कागद कुठल्या क्रमानं हलवायचे

हप्ते वेळेवर भरलेत, पॉलिसी चालू आहे, आणि माणूस ऑपरेशनच्या टेबलावर असताना टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा, मेसेज येतो की हा तर आनुवंशिक आजार, जन्मापासूनचा, क्लेम बसत नाही. बेळगावात एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर मी नऊ वर्षं काढली, आता घरी बसून लोकांचे कागद बघून देतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चूक तीच दिसते: लोक नकाराचं पत्र नीट न वाचताच भांडायला निघतात, किंवा बरोबर दार सोडून भलतंच दार आधी ठोठावतात आणि मग मुदत संपते. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. मुख्यतः हेल्थ पॉलिसीबद्दल आहे, लाइफ इन्शुरन्स, नोकरी आणि फौज शेवटी थोडक्यात.

## आधी तीन शब्द वेगळे करा

जनुकीय, जन्मजात आणि आधीपासूनचा. हे तीन शब्द कंपनीच्या पत्रात, डॉक्टरांच्या कागदात आणि आपल्या बोलण्यात एकमेकांत इतके मिसळतात की अर्धे क्लेम तिथंच अडकतात.

जनुकीय म्हणजे आजाराचं कारण जनुकात आहे. आजार उघड व्हायला चाळिशी सुद्धा उजाडू शकते. किडनीत गाठी होण्याचा पॉलिसिस्टिक आजार घ्या, त्याचा जो प्रकार जास्त आढळतो त्यात आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता पन्नास टक्के, पण त्रास बहुतेकांना तिशी-चाळिशीत सुरू होतो.

जन्मजात म्हणजे जन्मतः शरीरात असलेला दोष. त्यात बाहेरून दिसणारा आणि आतला असे दोन प्रकार पॉलिसीत वेगळे लिहिलेले असतात, आणि बाहेरून दिसणारा बऱ्याच पॉलिसीत बसत नाही. सगळे जन्मजात दोष जनुकीय नसतात आणि सगळे जनुकीय आजार जन्मजात दिसत नाहीत.

आधीपासूनचा, म्हणजे पॉलिसीच्या भाषेत पीईडी. हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. सध्याच्या नियमात याची व्याख्या अशी की पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरनं ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला-उपचार सांगितले किंवा घेतले, तो आजार. जनुक जन्मापासून आहे हे खरं, पण कुठल्या डॉक्टरनं निदानच केलं नव्हतं तर नुसत्या जनुकामुळं तो पीईडी होत नाही. तुमची निम्मी लढाई या एका वाक्यावर आहे, तेवढं पाठ करा.

आता कायदा. जनुकीय माहितीवरून भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो २००८ चा अमेरिकेतला कायदा, तो इथं लागू नाही, तक्रारीत त्याचं नाव घालू नका, समोरचा लगेच ओळखतो की ह्यांना माहीत नाही. आपल्याकडं आधार आहे तो असा: विमा नियामक आयआरडीएआयनं १९ मार्च २०१८ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलं की जेनेटिक डिसऑर्डर ह्या वगळणुकीवरून क्लेम नाकारायचे नाहीत आणि नव्या हेल्थ पॉलिसीत ती वगळणूक घालायची नाही. मग २७ सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत जनुकीय आजार हे "वगळता येणार नाहीत" अशा यादीतच घातले.

त्याच्या आधी २६ फेब्रुवारी २०१८ ला दिल्ली हायकोर्टानं युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या एका प्रकरणात, हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारावर, असं वगळणं राज्यघटनेच्या कलम १४ च्या विरुद्ध आहे असं म्हटलं होतं. पण कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्या निकालातल्या व्यापक भागाला स्थगिती मिळाली. त्यामुळं नुसता तो निकाल जोडून बसू नका, आयआरडीएआयची दोन्ही पत्रं आधी लिहा आणि निकाल नंतर.

## पायरी १: फॉर्म भरताना

पॉलिसी अजून घ्यायची असेल तर इथून सुरू करा, घेऊन झाली असेल तर पायरी २ ला जा पण जुन्या फॉर्मची कॉपी काढून ठेवा.

प्रपोजल फॉर्म एजंटला भरू देऊ नका. आपल्याकडं एजंट ओळखीचा असतो, कोणाचा तरी मेव्हणा, तो म्हणतो "सही करून सोडा अण्णा, बाकी मी बघतो" आणि आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढं "नाही" टिक करतो. चार वर्षांनी क्लेमच्या वेळी त्या टिकेवर तुमची सही असते, त्याची नाही.

फॉर्ममध्ये आईवडील-भावंडांच्या आजाराचा प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या. तपासणी केली का असा प्रश्न असेल तर जनुकीय टेस्ट केली असल्यास तीही सांगा. लपवलं आणि नंतर निघालं तर "माहिती लपवली" हे कारण त्यांच्या हातात जातं, आणि ते कारण जनुकीय भेदभावापेक्षा कितीतरी मजबूत असतं. उलट जे विचारलंच नाही ते स्वतःहून चार पानं लिहून द्यायचीही गरज नाही. महत्त्वाची माहिती म्हणजे कंपनीनं फॉर्ममध्ये आणि त्याला जोडलेल्या कागदांत जी मागितली ती, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं.

कंपनी प्रपोजल नाकारू शकते, हप्ता वाढवूनही मागू शकते. नाकारलं तर कारणासकट लेखी मागा, फोनवरचं "होणार नाही सर" घेऊन गप्प बसू नका.

तपासा: पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांच्या फ्री लूकमध्ये, म्हणजे पॉलिसी परत करता येते त्या मुदतीत, फॉर्मची कॉपी उघडून प्रत्येक टिक बघा. चुकीची असेल तर तेव्हाच ईमेलनं दुरुस्त करा.

## पायरी २: भरती होताना काय बोलायचं

ह्या पायरीवर सगळ्यात जास्त क्लेम मरतात आणि ह्याबद्दल कोणीच सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

कॅज्युअल्टीत रात्री अकरा वाजता पेशंट आणलाय. ड्यूटीवर शिकाऊ डॉक्टर, तो कन्नड बोलणारा, विचारतो "एष्टु वर्षदिंद?", म्हणजे किती वर्षांपासून, आणि पेशंटचा भाऊ घाबरलेला, अर्धं कन्नड अर्धं मराठी, सांगतो "आमच्या घराण्यातच हाय हो हे, वडलांना पण होतं, पहिल्यापासून". डॉक्टर इंग्लिशमध्ये लिहितो की आजार आनुवंशिक आहे, जन्मापासून, पेशंटला माहीत आहे. दहा सेकंदात वडिलांचा आजार पेशंटच्या नावावर चढला, तारीख जन्माची पडली, आणि तो कागद कंपनीकडं गेला. कोल्हापूर-मिरजेला नेलं तर भाषा मराठीच असते तरी हेच होतं, कारण "पहिल्यापासून" ह्या शब्दाचा अर्थ आपण एक घेतो आणि कागदावर दुसराच उतरतो.

निपाणीकडच्या एका माणसाचं हेच झालं. वय ३८, वडील डायलिसिसवर असताना गेलेले, पॉलिसीला चार वर्षं झालेली, किडनीतल्या गाठीत इन्फेक्शन होऊन ताप घेऊन भरती. त्याच्या किडनीत गाठी आहेत हे पहिल्यांदा कळलं ते पॉलिसी घेतल्यावर दोन वर्षांनी, एका साध्या सोनोग्राफीत. पण केसपेपरवर होतं "जन्मापासून". बायको घरी, पोरं लहान, आणि साडेतीन लाखांचं बिल. वडिलांचा आजार त्यानं फॉर्ममध्ये लिहिला होता, काहीच लपवलं नव्हतं, तरी पत्र आलं की आधीपासूनचा आजार लपवला. ते पत्र घेऊन तो माझ्यासमोर बसला होता तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून हिस्ट्री देताना तीन गोष्टी तीन वेगळ्या वाक्यांत सांगा, एकत्र करू नका:

१. आत्ताचा त्रास कधीपासून. "ताप चार दिवस, पोटात दुखणं दोन दिवस."
२. हा आजार आहे असं पहिल्यांदा कोणत्या डॉक्टरनं, कधी, कुठल्या तपासणीवरून सांगितलं. महिना-वर्ष माहीत नसेल तर "रिपोर्ट बघून सांगतो" म्हणा, अंदाज ठोकू नका.
३. घरात कोणाला आहे किंवा होता. नातं सांगा, आणि "पेशंटला नाही, वडिलांना" हे स्पष्ट बोला.

घरातला जो माणूस शांत आहे आणि ज्याला रिपोर्ट माहीत आहेत त्यानंच बोलावं. बाकीच्यांनी बाहेर थांबावं. दुसऱ्या दिवशी राउंडला मोठे डॉक्टर आले की विनंती करा की हिस्ट्री एकदा वाचून दाखवा.

सावधान: चुकीचं लिहिलं गेलं असेल तर केसपेपर बदलायला, फाडायला, नवीन करून द्यायला सांगू नका. कॉपी आधीच टीपीएकडं गेलेली असते, दोन वेगळे कागद दिसले की फसवणुकीचा शिक्का बसतो आणि मग कुठलाच नियम वाचवत नाही. दुरुस्तीचा मार्ग पायरी ४ मध्ये आहे.

अजून एक. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. पैसे भरून डिस्चार्ज घ्या आणि सगळे मूळ कागद जोडून रिइम्बर्समेंटला, म्हणजे भरलेले पैसे परत मिळवायला, टाका. कॅशलेसच्या नकारावर कितीतरी लोक क्लेमच टाकत नाहीत, मग पुढं तक्रार तरी कशावर करणार?

## पायरी ३: नकाराचं पत्र वाचा, कोड शोधा

फोनवरचा नकार, एसएमएसमधला नकार हा नकार नाही. ईमेल करून लेखी पत्र मागा, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाकारलं ते त्यात असलं पाहिजे. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, तेव्हा ती मंजुरी झाली का हेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

पत्रात "जेनेटिक" हा शब्द आता फार कमी दिसतो. कारण वेगळ्या नावानं येतं आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

एक्सएल ०१ (पत्रात Excl01) असेल तर तो पीईडीचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ. तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, तेव्हा पहिली पॉलिसी कधीची ते मोजा, खंड न पडता ३६ महिने झाले असतील तर हे कारण टिकत नाही. झाले नसतील तर वरची व्याख्या लावा: निदान कधी झालं?

एक्सएल ०२ हा ठराविक आजारांचा वेटिंग पिरियड, मोतीबिंदू-हर्निया वगैरे. तुमचा आजार त्या यादीत नावानं आहे का ते बघा.

एक्सएल ०४ म्हणजे भरती फक्त तपासणीसाठी होती. नुसत्या जनुकीय टेस्टसाठी भरती दाखवली असेल तर हा नकार बहुतेक वेळा बरोबरच असतो, त्यावर वर्ष घालवू नका.

"माहिती लपवली" असं असेल तर दोन गोष्टी बघा. फॉर्मच्या कॉपीत काय लिहिलंय, आणि पॉलिसीला सलग ६० महिने झालेत का. ६० महिन्यांनंतर, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, लपवल्याच्या कारणावरून क्लेमवर बोट ठेवता येत नाही. पण मधे विम्याची रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेचे ६० महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात, इथं लोक फसतात.

"जन्मजात" असं असेल तर आतला की बाहेरून दिसणारा ते पत्रात लिहिलंय का बघा. नसेल तर विचारा. किडनी, हृदयाचा स्नायू, रक्ताचे आजार ह्यांना बाहेरून दिसणारा दोष म्हणता येत नाही.

आणि खरंच "जेनेटिक डिसऑर्डर" म्हणून नाकारलं असेल तर तुमचं काम सगळ्यात सोपं, २०१८ चं परिपत्रक आणि २०१९ च्या सूचना सरळ समोर ठेवा.

## पायरी ४: फाईल

तक्रार लिहायच्या आधी फाईल पूर्ण करा. अर्धी फाईल पाठवून मागून एकेक कागद जोडत बसलात तर समोरचा पहिल्या अर्ध्या फाईलवरच निर्णय देऊन मोकळा होतो.

सगळ्या वर्षांच्या पॉलिसी, फक्त चालू वर्षाची नाही. प्रपोजल फॉर्म. नकाराचं पत्र. डिस्चार्ज समरी. संपूर्ण इनडोअर केसपेपर, हा हॉस्पिटलकडून लेखी अर्ज देऊन घ्यायचा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात अर्ज मिळाल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं आहे, आणि तो नियम देशभराचा आहे, हॉस्पिटल बेळगावचं असो की कोल्हापूरचं. अर्जाची पोचपावती घ्या.

मग निदानाचा पहिला रिपोर्ट. जुनी सोनोग्राफी, जुनं रक्त, जे काही पहिलं असेल ते. ह्याची तारीख तुमच्या सगळ्या केसचा खांब आहे. रिपोर्ट हरवला असेल तर त्या डायग्नोस्टिक सेंटरला जाऊन कॉम्प्युटरमधून परत काढून घ्या.

आणि उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्का-रजिस्ट्रेशन नंबर-तारखेसह. केसपेपर बदलायचा नाही, त्यावर खुलासा घ्यायचा. पत्रात चार गोष्टी हव्यात: पहिलं निदान कधी आणि कशावरून, त्याआधी पेशंटला लक्षणं किंवा उपचार असल्याची नोंद नाही, भरतीच्या वेळी लिहिलेलं "जन्मापासून" हे घरच्या इतिहासाबद्दल होतं, पेशंटच्या निदानाबद्दल नाही, आणि ह्या वेळची भरती नेमक्या कशासाठी होती. डॉक्टरांकडं वेळ नसतो, मुद्दे टाईप करून न्या, पण जे खरं नाही ते लिहायला सांगू नका. खोटं पत्र एकदा उघडं पडलं की डॉक्टरांचं नाव जातं आणि तुमचीही केस संपते.

कंपनी सरकारी असेल, म्हणजे न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल किंवा नॅशनल, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून तुमच्या क्लेम फाईलची कॉपी मागता येते, त्यात टीपीएचा आतला शेरा मिळतो. खाजगी कंपनीला हा मार्ग नाही.

## पायरी ५: कंपनीचा तक्रार अधिकारी

विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, थेट जाता येत नाही, आधी कंपनीकडं लेखी तक्रार हवीच. कस्टमर केअरला फोन म्हणजे तक्रार नव्हे. पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर ग्रिव्हन्स ऑफिसरचा ईमेल असतो, त्यावर पाठवा, एक कॉपी स्पीड पोस्टनं. त्याच दिवशी आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर पण टाका, किंवा १५५२५५ वर फोन करून टोकन नंबर घ्या. पोर्टल स्वतः निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडंच ढकलतं, पण तारीख पक्की नोंदली जाते. कंपनीला १४ दिवस आहेत.

पत्र एका पानाचं, इंग्लिशमध्ये टाईप करून घ्या. मराठीबद्दल आपल्याला काय वाटतं ते मला वेगळं सांगायला नको, पण हे पत्र चेन्नई-मुंबईत बसलेला कोणीतरी दोन मिनिटांत वाचणार आहे, आणि इथं आपला पैसा अडकलाय. मजकूर साधारण असा:

"माझी पॉलिसी अमुक तारखेपासून सलग चालू आहे. अमुक तारखेच्या पत्रानं माझा क्लेम अमुक कलमाखाली नाकारला. ह्या आजाराचं पहिलं निदान अमुक तारखेला, पॉलिसी सुरू झाल्यानंतर झालं, रिपोर्ट जोडला आहे. वडिलांचा आजार मी प्रपोजल फॉर्ममध्ये नमूद केला होता. कुटुंबात आजार असणं म्हणजे मला निदान झालेलं असणं नव्हे, त्यामुळे पीईडीची व्याख्या लागू होत नाही. आजार जनुकीय आहे एवढ्यावरून क्लेम नाकारणं आयआरडीएआयच्या १९ मार्च २०१८ च्या परिपत्रकाशी आणि २७ सप्टेंबर २०१९ च्या सूचनांशी विसंगत आहे. क्लेम रिव्ह्यू कमिटीपुढे फेरविचार करून रक्कम द्यावी."

बस. एजंट कसा वागला, बायको किती रडली, हे त्यात नको. तुमच्या मनाला ते सगळ्यात मोठं असतं हे मला माहीत आहे, पण वाचणारा तारखा शोधत असतो.

निपाणीच्या त्या माणसाचा क्लेम ह्याच पायरीवर सुटला, डॉक्टरांचा खुलासा आणि सोनोग्राफीची तारीख बघून. सगळ्यांचं इथं सुटत नाही.

## पायरी ६: विमा लोकपाल, बेंगळुरू की पुणे

कंपनीनं नकार कायम ठेवला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही की लोकपालाचं दार उघडतं, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षात तिथं जावं लागतं. फी नाही, वकील चालत नाही, स्वतःच किंवा घरच्या माणसानं मांडायचं. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण घेतात. अर्ज ऑनलाइन होतो, सुनावणी व्हिडिओवर मागता येते, तेव्हा बेंगळुरूचा पाचशे किलोमीटरचा रस्ता धरायची गरज पडत नाही.

आता आपल्या सीमाभागाचा खास मुद्दा. तक्रारदार जिथं राहतो तिथल्या किंवा कंपनीची संबंधित शाखा जिथं आहे तिथल्या लोकपालाकडं जाता येतं. राहणार निपाणी, पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून, तर बेंगळुरू पण चालतं आणि पुणे पण. खानापूर किंवा उचगावचा माणूस, पॉलिसी बेळगावच्याच शाखेची, तर बेंगळुरूच. पुण्याला मराठीत बोलायला सोपं पडतं म्हणून लोक डोळे झाकून पुण्याला अर्ज टाकतात आणि शाखा कर्नाटकातली असल्यानं परत येतो, महिने जातात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर शाखेचा पत्ता बघा, मग ठरवा. दोन्हीकडं एकाच वेळी टाकू नका.

सावधान: ग्राहक आयोगात किंवा कोर्टात केस आधी घातली असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. हीच ती क्रमाची चूक. कोणीतरी सांगतो "सरळ ग्राहक कोर्टात जा" आणि फुकटचं, लवकरचं दार बंद होतं. आधी लोकपाल, नाही जमलं तर ग्राहक आयोग, उलटं नाही.

निकाल तुमच्या बाजूनं लागला तर कंपनीवर बंधनकारक आहे, ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. विरुद्ध लागला तर तुमच्यावर बंधन नाही, पुढं जाता येतं.

## पायरी ७: ग्राहक आयोग

क्लेम नाकारल्यापासून दोन वर्षांची मुदत. लोकपालाकडं गेलेला वेळ आपोआप वजा होईल असं धरून चालू नका, कॅलेंडरवर पहिल्या नकाराची तारीख लिहून ठेवा.

२०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात केस घालता येते, म्हणजे पॉलिसी कोल्हापूरची असली तरी बेळगावच्या जिल्हा आयोगात. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून होतं. वकील सक्तीचा नाही, पण इथं मी वकील घ्या म्हणेन, कागद कन्नड किंवा इंग्लिशमध्ये लागतात आणि तारखा पडतात.

## लाइफ इन्शुरन्स

इथं वरची जनुकीय वगळणूक-बंदी तशी लागू नाही, ती हेल्थ पॉलिसीसाठी आहे. लाइफ कंपनी घराण्याचा इतिहास विचारून हप्ता वाढवू शकते. पण विमा कायदा १९३८ चं कलम ४५ लक्षात ठेवा, पॉलिसीला तीन वर्षं झाली की कुठल्याही कारणावरून तिच्यावर शंका घेता येत नाही. वारसांना हे माहीत नसतं आणि पहिल्या नकारावर ते गप्प बसतात, म्हणून पॉलिसीच्या फाईलवरच हे लिहून ठेवा.

## नोकरी आणि फौज

उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यात भरतीच्या मेडिकलला जनुकीय रिपोर्ट मागितला तर खाजगी मालकाला थेट अडवणारा खास कायदा नाही. पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहेत, आणि तिथं भेदभावाला मनाई आहे, सरकारी नोकरीत तर कलम २० स्पष्ट आहे. नुसता वाहक असलेला, म्हणजे स्वतःला आजार नसलेला माणूस, ह्या यादीत येत नाही, तेव्हा यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी त्याला रांगेत उभं करू नका. आणि मागितला नसताना रिपोर्ट एचआरला देऊ नका, एजंटच्या व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको. त्या एका रिपोर्टवर तुमच्या बहिणीची, पुतण्याची माहितीसुद्धा असते आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर तिथं पीईडी, वगळणूक असलं काही नाही, आधी तिकडंच जा.

फौजेचं वेगळं लिहायला हवं कारण मराठा सेंटरमुळं आपल्याकडं गावागावात माजी सैनिक आहेत. मेडिकल बोर्ड आजार "जनुकीय, सेवेशी संबंध नाही" असं लिहून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारतं. सुप्रीम कोर्टानं २ जुलै २०१३ च्या निकालात म्हटलंय की भरतीच्या वेळच्या तपासणीत तो आजार नोंदलेला नसेल तर तो सेवेतच झाला असं धरायचं, आणि तसं नसेल तर बोर्डानं कारणं लिहायला हवीत. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडलेल्यांना नवे नियम लागतात, म्हणून बाहेर पडल्याची तारीख आधी बघा. भरतीच्या वेळच्या मेडिकलची कॉपी आणि बोर्डाच्या प्रोसिडिंग्जची कॉपी मागवा, नकाराच्या पत्रावर दिलेल्या मुदतीत पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं कोची खंडपीठ, कर्नाटक त्याच्याकडं येतं. बोर्डाच्या कागदावर "जनुकीय" शब्दापुढं कारणाची एकही ओळ नसेल तर अपिलात पहिला मुद्दा तोच घाला.